विश्लेषण : सहा तारांच्या बास गिटारचा ‘टोन’ कशात असतो? लाकडात, किमतीत की खर्जाच्या तारेत?

लग्नसराईच्या सुपाऱ्या घेणाऱ्या बँडमधल्या तरुण बासवादकाचा हात चार तारांवर बसला, की त्याला सहा तारांचा बास खुणावू लागतो. कळवणसारख्या तालुक्याच्या गावात असा बास हातात घेऊन पाहण्याची सोय सहसा नसते. मग तुलना होते ती मोबाइलवर. दहा मिनिटांचा व्हिडीओ, चार-पाच गिटारी, प्रत्येकीवर तीच धून आणि खाली ‘कोणती आवडली?’ असा प्रश्न. पुढचा निर्णय मात्र हजारो रुपयांचा, कधी कांद्याच्या एका हंगामाच्या हिशेबातून काढलेल्या पैशांचा असतो. ही तुलना नेमकी कशाची होते आणि खरे तर कशाची व्हायला हवी, याचा हा आढावा.

सहा तारांचा बास म्हणजे नेमके काय?

साध्या बास गिटारला चार तारा असतात : ई, ए, डी आणि जी. सहा तारांच्या बासला खालच्या बाजूला एक जाड ‘बी’ आणि वरच्या बाजूला एक बारीक ‘सी’ अशा दोन तारा वाढतात. खालच्या बी तारेचे कंपन सेकंदाला सुमारे ३१, म्हणजे ३१ हर्ट्झ. वरची सी तार मोकळी छेडली तर सुमारे १३१ हर्ट्झ, आणि चोविसाव्या पडद्यावर ती ५२३ हर्ट्झपर्यंत जाते. म्हणजे खर्जाच्या तळापासून गाण्याच्या चालीपर्यंतचा सगळा पल्ला एकाच वाद्यात येतो.

खरेदीआधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘सहा तारांचा बास’ या नावाखाली दोन वेगळी वाद्ये विकली जातात. अमेरिकेतील डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५६ मध्ये आणि फेंडरने १९६१ मध्ये ‘बास सिक्स’ प्रकारची वाद्ये आणली. ती साध्या गिटारसारखीच ई ते ई अशी लागतात, फक्त एक सप्तक खाली. त्यांच्या तारा बारीक असतात, फेंडर बास सिक्सच्या तारेची लांबी ३० इंच असते आणि ती प्रामुख्याने प्लेक्ट्रमने वाजवली जातात. त्यांच्यात खालची बी नसतेच.

आज ज्याला सर्रास सहा तारांचा बास म्हणतात, त्याची कल्पना न्यूयॉर्कचे बासवादक अँथनी जॅक्सन यांची. ‘द ओ’जेज’च्या १९७३ मधील ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’ या गाण्यातील बाससाठी ते ओळखले जातात. बास हा गिटारच्याच कुळातला असेल तर त्याला चारच तारा का, असा त्यांचा सवाल होता. कार्ल थॉम्पसन या कारागिराने त्यांच्यासाठी १९७५ मध्ये असे वाद्य बनवून दिले. जॅक्सन त्याला ‘काँट्राबास गिटार’ म्हणत. पुढे १९८०च्या दशकात चिक कोरिया यांच्या इलेक्ट्रिक बँडमधील जॉन पॅटिटुची यांच्यामुळे आणि नंतर ‘ड्रीम थिएटर’च्या जॉन म्यंग यांच्यामुळे हे वाद्य जगभर पोहोचले.

मोबाइलवरची तुलना का फसवते?

कारण साधे आहे. ज्या आवाजासाठी सहावी तार घ्यायची, तो मोबाइलमधून बाहेरच पडत नाही. नखाएवढ्या स्पीकरला शंभर-दोनशे हर्ट्झच्या खाली हवा ढकलता येत नाही. ३१ हर्ट्झची तर गोष्टच सोडा. तरीही मोबाइलवर बासची धून ओळखू येते, कारण प्रत्येक तार मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही देत असते. ३१ हर्ट्झची बी तार ६२, ९३, १२३ अशा पायऱ्याही वाजवते. वरच्या पायऱ्या ऐकून मेंदू खालची गाळलेली पायरी स्वतःच भरून काढतो. ऐकणाऱ्याला वाटते की त्याने खर्ज ऐकला. प्रत्यक्षात त्याने खर्जाची सावली ऐकलेली असते.

त्यामुळे मोबाइलवर जी गिटार ‘छान’ वाटते, ती बहुतेकदा मधल्या आणि वरच्या पट्टीत जोरकस असलेली असते. मांडवात मोठ्या स्पीकरवर तीच गिटार कर्कश वाटू शकते. उलट मोबाइलवर ‘दबलेली’ वाटलेली गिटार तिथे भरदार ठरू शकते.

दुसरा सापळा आवाजाच्या पातळीचा. दोन वाद्यांपैकी एक किंचित मोठे वाजले, तर बहुतेकांना तेच अधिक चांगले वाटते. कानाचा हा स्वभाव खालच्या पट्टीत आणखी तीव्र होतो. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो, हे हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. बॅटरीवर चालणारे अंगभूत प्रीअँप असलेला बास हा बॅटरीविना चालणाऱ्या बासपेक्षा अनेकदा मोठा वाजतो. दोघांची पातळी सारखी केली नसेल, तर ती टोनची तुलना उरत नाही. ती फक्त आवाज मोठा कोणाचा याची चाचणी होते. तिसरी बाब म्हणजे व्हिडीओतील ध्वनीवर झालेले संस्कार : कॉम्प्रेसर, इक्वलायझर, अँपचा नमुना. त्यांचा फरक दोन गिटारींमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

खर्जाची तार घट्ट कशाने वाजते?

सहा तारांच्या बासची खरी परीक्षा खालच्या बी तारेवर होते. इतर पाच तारा ठीक वाजवणारी वाद्ये पुष्कळ असतात. बी मात्र अनेकांची सैल, भसाडी, स्वर न सांगणारी निघते. बासवादक तिला ‘फ्लॉपी’ म्हणतात. यामागचे भौतिकशास्त्र अकरावी-बारावीच्या पुस्तकातले आहे. तारेची कंपने तीन गोष्टींवर ठरतात : लांबी, ताण आणि वजन. स्वर खाली न्यायचा तर तार लांब करा, सैल करा किंवा जाड करा. सैल केली तर ती फडफडते. जाड केली तर ती तारेसारखी न वागता सळईसारखी वागू लागते. सळईचे उपस्वर नेमक्या दुप्पट-तिप्पट पटीत राहत नाहीत, थोडे चढे होतात. मग मूळ स्वर एक सांगतो आणि उपस्वर दुसरे. कानाला हा गढूळपणा जाणवतो.

उरला मार्ग लांबीचा. बहुतेक बासमध्ये नट ते ब्रिज ही तारेची लांबी ३४ इंच असते. तीच तार ३५ इंचांवर त्याच स्वराला लावायची तर ताण सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो, ३६ इंचांवर सुमारे १२ टक्क्यांनी. एक-दोन इंच कागदावर किरकोळ दिसतात. बी तारेवर मात्र तेवढ्याने आवाज घट्ट होतो, आस वाढते आणि स्वर स्पष्ट कळतो.

याची किंमत वरच्या तारेला मोजावी लागते. सहा तारांच्या नेहमीच्या संचात बी सुमारे ०.१३० इंच जाड आणि सी ०.०३२ इंच, म्हणजे चौपट फरक. लांबी वाढली की सी तारेचाही ताण वाढतो आणि तिचा आवाज तुणतुण्याच्या जवळ जाऊ लागतो. यावर उपाय म्हणून काही कंपन्या मल्टिस्केल बास बनवतात. त्यांचे पडदे पंख्याच्या काड्यांसारखे तिरपे असतात. खर्जाची तार लांब आणि वरची तार आखूड राहते. दिसायला विचित्र वाटले तरी त्यामागे दिखावा नाही, हिशेब आहे.

इथेच कमी खर्चाचा उपायही दडला आहे. काही बी तारा ब्रिजजवळ निमुळत्या केलेल्या असतात. वरचे वेष्टन कमी झाल्याने तार तिथे सहज वाकते आणि उपस्वर जागेवर राहतात. नवी गिटार घेण्याआधी तारांचा संच बदलून पाहणे हा टोन बदलण्याचा सर्वात स्वस्त मार्ग आहे. तरीही तो सर्वात शेवटी आठवतो.

वेगवेगळ्या बासचा आवाज वेगळा कसा?

बाजारातील काही ओळखीची वाद्ये शेजारी ठेवली, की टोनचा फरक कुठून येतो ते दिसू लागते.

आयबानेझचा एसआर५०६ई हा मधल्या किमतीतला परिचित बास. लांबी ३४ इंच, अंग पातळ, वजन तुलनेने कमी, बार्टोलिनी बीएच२ पिकअप आणि तीन पट्ट्यांचा इक्वलायझर. मधली पट्टी २५०, ४५० की ७०० हर्ट्झवर उचलायची, हे एका छोट्या स्विचने ठरवता येते. या बासचा स्वभाव गुळगुळीत आणि आधुनिक. त्यातली कमाई म्हणजे हा स्विच. गाण्यात बास ऐकू येतो की हरवतो, ते बहुधा याच पट्टीत ठरते. बी तार मात्र ३४ इंचांच्या मर्यादेत राहते.

यामाहाचा टीआरबी-१००६जे ३५ इंचांचा. त्याची बी अधिक ताठ आणि स्वर अधिक स्पष्ट. पण हात आखूड असलेल्या वादकाला पहिल्या पडद्यापर्यंतचा पल्ला लांब पडतो आणि तासन्‌तास उभे राहून वाजवताना ते खांद्याला जाणवते.

जर्मनीच्या वॉर्विकचा ‘थंब’ वेगळ्या वाटेने जातो. त्याचे दोन्ही पिकअप ब्रिजजवळ आहेत. ब्रिजजवळ तार कमी हलते. तिथे मूळ स्वर कमी आणि उपस्वर जास्त पकडले जातात. थंबची प्रसिद्ध ‘गुरगुर’ येते ती मुख्यतः या जागेतून. कंपनीच्या माहितीत बुबिंगा या जड लाकडाचा उल्लेख ठळक असतो. पण तेच पिकअप मानेकडे सरकवले, तर त्याच लाकडातून ती गुरगुर येणार नाही.

चौथे टोक म्हणजे अमेरिकेतील फोडेरा कंपनीने अँथनी जॅक्सन यांच्यासाठी घडवलेला ३६ इंचांचा काँट्राबास. त्यावर एकच पिकअप आणि बटण एकही नाही, आवाज कमी-जास्त करण्याचेसुद्धा नाही. टोन बदलायचा तर बोटांची जागा आणि जोर बदलायचा. लाखांच्या घरातील या वाद्यात टोनची बटणेच नाहीत, ही गोष्ट बोलकी आहे. ज्याने सहा तारांचा बास जगाला दिला, त्याने टोनची जबाबदारी तारेची लांबी आणि स्वतःचा हात यांच्यावर सोपवली.

मग लाकडाला काहीच अर्थ नाही?

आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. सतार किंवा तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यातून आणि तबलीतून हवेत जातो. तिथे लाकूड आणि भोपळा हेच ध्वनी देणारे अवयव आहेत. भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक बासमध्ये ध्वनी हवेतून जात नाही. पिकअपमधले चुंबक तारेची हालचाल टिपते आणि तिचा विद्युत संकेत बनवते. लाकूड तारेची थोडी ऊर्जा शोषते. त्यामुळे आस कमी-जास्त होते आणि मानेवरच्या एखाद्या जागी स्वर लवकर विझतो. वादक त्याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. म्हणून मान ताठ असणे महत्त्वाचे. पाच पट्ट्या चिकटवलेली मान किंवा अंगातून आरपार जाणारी मान यांचा उपयोग तिथे होतो. पण अंगाचे लाकूड महोगनी की ओकुमे, याने पडणारा फरक पिकअपची जागा, तारा आणि वाजवण्याची पद्धत यांच्या फरकापुढे लहान आहे.

लाकडाची नावे कशी बदलतात, हेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०१७ मध्ये शिसवाच्या कुळातील डॅलबर्जिया प्रजाती आणि बुबिंगा यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचे नियंत्रण आले. पुढे नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली. या काळात अनेक कंपन्यांनी फिंगरबोर्डसाठी दुसरी लाकडे वापरायला घेतली. जाहिरातीत नव्या लाकडाचेही तसेच गुणगान सुरू झाले. म्हणजे माहितीपत्रकातील लाकडाचे नाव अनेकदा कानाने नव्हे, तर पुरवठ्याने आणि कायद्याने ठरते. ग्राहकाने मात्र त्यालाच टोन समजून जादा पैसे मोजावेत, अशी अपेक्षा असते.

मराठी मुलखाला ही गोष्ट नवी नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर उत्तम भोपळा निवडतो, लाकूड सुकवतो, पण तंबोरा बोलू लागतो तो जवारी काढल्यावर. घोडीचा पृष्ठभाग घासून तार त्यावर कशी टेकते हे ठरवायचे आणि मग तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवायचा. केसभर फरकाने खर्जाची तार मुकी होते किंवा गाजू लागते. बासच्या बाबतीत हेच काम ‘सेटअप’ करतो : तारेची उंची, मानेतील ट्रस रॉडचा ताण, ब्रिजवरच्या खोगिरांची जागा, पिकअपचे तारेपासूनचे अंतर. चांगला सेटअप केलेला मधल्या किमतीचा बास बिघडलेल्या सेटअपच्या महागड्या बासला मागे टाकतो. सहा तारांच्या संचाचा मानेवरचा एकूण ताण साधारण शंभर किलोंचा, म्हणजे कांद्याच्या दोन गोण्यांच्या वजनाइतका असतो. पावसाळ्याची दमट हवा आणि एप्रिल-मेची कोरडी हवा यांत ही मान हलतेच. त्यामुळे सेटअप एकदाच करून भागत नाही.

कळवणच्या मांडवात या टोनचे काय होते?

स्टुडिओत ऐकलेला टोन मांडवात पोहोचेपर्यंत बरेच काही घडते. पहिली अडचण स्पीकरची. भाड्याने मिळणाऱ्या अनेक स्पीकरांचा आवाज ५० हर्ट्झच्या खाली झपाट्याने घसरतो. म्हणजे ३१ हर्ट्झचा मूळ स्वर तिथेही फारसा निघत नाही. लोक ऐकतात ते ६२ आणि ९३ हर्ट्झचे उपस्वर. म्हणून बी तारेचे उपस्वर स्वच्छ असणे हे ती ‘खोल’ असण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते. ३१ हर्ट्झच्या एका ध्वनिलहरीची लांबी सुमारे ११ मीटर भरते. उघड्या मांडवात तिला टेकायला भिंतही नसते. दुकानाच्या बंद खोलीत घुमणारा खर्ज मोकळ्या मैदानात विरतो, तो यामुळे.

दुसरी अडचण विजेची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बासवरचा सर्वात खालचा जी स्वर, म्हणजे ई तारेचा तिसरा पडदा, ४९ हर्ट्झचा. विजेची गुणगुण थेट बासच्या अंगणातच येऊन बसते. जनरेटर, दिव्यांच्या माळा आणि कच्चे अर्थिंग असलेल्या जागी एका वेटोळ्याचा पिकअप ही गुणगुण पकडतो. दोन वेटोळ्यांचा हमबकर ती बऱ्याच अंशी खोडून काढतो. सिंगल कॉइलचा टोन ‘अधिक मोकळा’ असे शहरातील वादक सांगेल आणि त्याच्या स्टुडिओत ते खरेही असेल. मांडवात वाजवणाऱ्याला मात्र हमबकरच सोयीचा.

गुणगुण घालवण्यासाठी अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती जिवाशी खेळ करणारी आहे. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. अर्थिंग तुटले आणि अँपमध्ये दोष निर्माण झाला, तर तारांना हात आणि माइकला ओठ लागताच विजेचा धक्का बसू शकतो. टोनवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या बँडने आधी पक्के अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर यांवर खर्च करायला हवा. त्याला पर्याय नाही.

तिसरी गोष्ट संगीताची. कळवण, सुरगाणा, पेठ आणि शेजारच्या डांग भागात खर्जाची आणि अखंड नादाची जाण आधीपासून आहे. कोकणा समाजाच्या थाळगानात धातूच्या थाळीत मेणाने काडी उभी करतात आणि तिच्यावरून बोटे फिरवून अखंड नाद काढतात. कथा त्या नादावर चालते. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. त्या थाळीचा नाद किती किमतीच्या थाळीतून आला, हे तिथे कोणी विचारत नाही. काडी कशी बसली आणि बोट कसे फिरले, यावरच सगळे ठरते. या भागातील बँडमध्ये खर्जाची बाजू बऱ्याचदा की-बोर्डचा डावा हात सांभाळतो. तिथे सहा तारांचा बास आला, तर त्याचे काम की-बोर्डशी स्पर्धा करण्याचे नसेल. त्या अखंड नादाला खालून आधार देण्याचे आणि गरजेनुसार वरच्या तारांवर चाल उचलण्याचे असेल. त्यासाठी स्पष्ट बोलणारी बी आणि पातळ न पडणारी सी हव्यात. बाकी सगळे दुय्यम.

सहा तारांची गरज नेमकी कोणाला?

हा प्रश्न टोनच्या आधी विचारायला हवा. मुंबईत वाढलेली मोहिनी डे ही आज जगभर ओळखली जाणारी बासवादक. झाकीर हुसेन आणि ए. आर. रहमान यांच्यासोबत तिने वाजवले, २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. तिच्या हातात बहुतेक वेळा पाच तारांचा बास दिसतो. बी तार हवी असेल, तर ती पाच तारांच्या बासमध्येही मिळते. सहावी तार प्रामुख्याने स्वरमेळ, चाल आणि एकल वादनासाठी आहे.

सहा तारांचा खर्च फक्त पैशांचा नाही. चार तारांच्या जॅझ बासची मान नटजवळ सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असते, एसआर५०६ईची ५४ मिलिमीटर. डाव्या हाताला नव्याने वळण लावावे लागते. उजव्या हाताला न वाजवलेल्या पाच तारा दाबून गप्प ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या आपोआप गुंजून सगळा आवाज गढूळ करतात. अनेकदा ‘या बासचा टोन खराब आहे’ ही तक्रार खरे तर मोकळ्या सुटलेल्या तारांची असते. तारांचा संच महाग, तो सहज मिळत नाही, आणि बी तार तुटली तर नाशिकपर्यंत जाऊनही ती सुटी मिळेलच असे नाही. लहान बँडमध्ये एकाच माणसाला खर्ज, स्वरमेळ आणि चाल सांभाळायची असेल, तर सहा तारांना अर्थ आहे. केवळ मंचावर भारदस्त दिसावे म्हणून घेतलेला सहा तारांचा बास वर्षभरात भिंतीवर टांगला जातो.

तुलना करायची तर कशी?

दुकान नाशिकचे असो वा मुंबईचे, काही गोष्टी पाळल्या तर निवड बरीच सोपी होते. स्वतःचा जुना बास सोबत न्यावा आणि नवा बास त्याच्याशी त्याच अँपवर ताडून पाहावा. अँपची आणि गिटारची सगळी टोनची बटणे मध्यावर ठेवावीत. दोन्ही वाद्यांचा आवाज सारखा करून घ्यावा. सोबतच्या मित्राला वाजवायला सांगून स्वतः पाठ करून ऐकावे, म्हणजे लाकडाची चमक आणि कंपनीचे नाव कानात शिरत नाही. तारा किती जुन्या आहेत, हे विचारावे. एका वाद्यावर कोऱ्या आणि दुसऱ्यावर सहा महिन्यांच्या तारा असतील, तर तुलना बाद.

मग बी तारेवर पाचव्या पडद्याचा ई वाजवावा आणि लगेच मोकळ्या ई तारेवर तोच स्वर. दोन्ही सख्खे भाऊ वाटले, तर बी चांगली. एक भाऊ आणि दुसरा गर्दीतला अनोळखी माणूस वाटला, तर कितीही महाग लाकूड असले तरी ते वाद्य परत ठेवावे. सी तारेवर बाराव्या पडद्याच्या वर एखादी ओळखीची चाल वाजवावी. ती टिणटिण वाटते की गाते, ते कळेल. प्रत्येक तारेवर एकेक पडदा चढत जावे, म्हणजे विझणाऱ्या जागा सापडतात. शेवटी पट्टा लावून अर्धा तास उभे राहावे. वरातीत वादकाला पाच मिनिटे नाही, तासन्‌तास उभे राहायचे असते. पैशांची वाटणी करताना सगळी रक्कम गिटारवर न घालता सेटअप, तारा आणि बऱ्या स्पीकरसाठी काही हिस्सा राखून ठेवावा.

ऑनलाइनच घ्यायचा असेल, तर परत करण्याची मुदत आणि परतीचा वाहतूक खर्च कोणाचा, हे आधी वाचावे. वाद्य आल्या दिवशीच वरची चाचणी करावी. विक्रेत्यांचीही एक जबाबदारी आहे. तालुक्याच्या ग्राहकाला लाकडाच्या नावांची यादी देण्याऐवजी तारेची लांबी, पिकअपची जागा, तारांची जाडी आणि वजन हे चार आकडे ठळक द्यावेत. शक्य असेल तर बटणे मध्यावर ठेवून, कोणताही संस्कार न करता, फक्त बी तारेचा आवाज ऐकवावा. हेडफोन लावून तेवढे ऐकले, तरी खरेदीदाराला दहा मिनिटांच्या झगमगीत व्हिडीओपेक्षा अधिक कळेल.

टोन ही गूढ गोष्ट नाही. तो तारेच्या लांबीत आहे, तारेच्या जाडीत आहे, पिकअपच्या जागेत आहे, सेटअपमध्ये आहे आणि सर्वात जास्त बोटांत आहे. यातल्या बहुतेक गोष्टी मोजता येतात, काही फुकट सुधारता येतात. ज्यांना एक वाद्य घेण्यासाठी हंगामभर थांबावे लागते, त्यांना हे खरेदीआधी सांगितले गेले पाहिजे, नंतर नव्हे.